फोन लागला पाहिजे

आमच्या धंद्यात सण दोन. एक दिवाळी आणि दुसरा फोनच्या कंपनीचा अपडेट येतो तो. दिवाळीला लोक नवा फोन घेऊन काच-कव्हर लावायला येतात ते हसत येतात. अपडेटनंतर तीच माणसं तोंड पाडून येतात. "ताई, परवा अपडेट मारला आन् तवापासून फोन दुपारच्याला मरू लागला." आमच्याकडं अपडेट करत नाहीत, मारतात. मारल्यावर मग तो उलटा मारतो, त्याला मी काय करू?

माझं दुकान गारखेड्यात आहे. दुकान म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी, खरं तर एक झेरॉक्सवाला आणि एक दूध डेअरी यांच्या मधली फट आहे ती. त्यात एक टेबल, एक भिंग असलेला दिवा, एक गरम हवेचं मशीन, दोन खुर्च्या आणि मी. आधी मी वाळूजला एका कारखान्यात सोल्डरिंगवर होते. ती लाईन बंद पडली, पण हातातलं कसब राहिलं, आणि त्या कसबावर हे दुकान उभं आहे. बाकीचा इतिहास सांगत बसत नाही, तुम्हाला झोप येईल.

एक मात्र सांगायला पाहिजे. माझं निम्मं गिऱ्हाईक बायकांचं आहे, आणि ते माझ्या हाताच्या गुणापेक्षा मी बाई आहे म्हणून येतं. फोनमध्ये फोटो असतात, नवऱ्याशी झालेली भांडणं असतात, डॉक्टरीण बाईला दाखवायचे म्हणून काढलेले नको ते फोटो असतात. तो फोन अनोळखी पुरुषाच्या हातात देऊन "संध्याकाळी या" ऐकायचं, हे बाईला जड जातं. माझा नियम सोपा आहे. फोन मालकिणीसमोर उघडायचा, पडदा तिच्याकडं ठेवायचा आणि सांगेल तिथंच बोट लावायचं. या नियमामुळं मला दिवसात कामं कमी होतात, पण गिऱ्हाईक तुटत नाही.

आता थोडं अपडेटचं. लोक म्हणतात, कंपनी मुद्दाम बॅटरी खराब करते, नवा फोन घ्यावा म्हणून. कंपनीच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही, पण मला दिसतं ते साधं आहे. घर बदललं की पहिले दोन-तीन दिवस आपण खोकी उघडत असतो, डबे लावत असतो, घामाघूम असतो. फोनचंही तसंच होतं. अपडेट झाला की तो आतल्या आत सगळे फोटो, सगळी ॲपं पुन्हा लावायला घेतो. त्यात तापतो आणि चार्जिंग खातो. तेव्हा पहिल्यांदा माझं औषध एकच असतं : एकदा बंद करून चालू करा, ॲपंही अपडेट करा आणि दोन-तीन दिवस दम धरा. अर्ध्या लोकांचं दुखणं एवढ्यावर जातं. पण फुकटचं औषध दिलं की माणसाला वाटतं, हिला काही येत नाही.

उरलेल्या अर्ध्यांना काय झालंय ते शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा झालेलं असतं ते त्यांनी स्वतःच केलेल्या उपायांमुळं. दर पाच मिनिटाला सगळी ॲपं बोटानं वर सारून "साफ" करणाऱ्या बाया माझ्याकडं रोज येतात. त्यांना मी सांगते, अहो, प्रत्येक चपातीला गॅस बंद करून पुन्हा पेटवता का? तसं करताय तुम्ही. ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त चार्जिंग जातं. एक रिक्षावाले भाई आले होते, म्हणाले, "बाजी, अपडेट मारे तबसे फोन दम छोड़ रा." त्यांचा फोन दिवसभर काचेपाशी उन्हात नकाशा लावून उभा. मी म्हटलं, भाई, तिथं तुम्ही बसलात तर तुम्हीपण दम सोडाल.

आणि आमच्या गल्लीतल्या एक काकू. त्यांचा फोन मराठीत आहे. भाच्यानं पुण्याहून सांगितलं, "पार्श्वभूमी बंद कर, बॅटरी टिकेल." त्याला म्हणायचं होतं, मागं गुपचूप चालणारी ॲपं बंद कर. काकूंनी पार्श्वभूमी म्हणजे पडद्यामागचं चित्र धरलं आणि नातीचा फोटो काढून टाकला. वर माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "पोरीचं तोंड बघायला चार्जिंग लागत असंल तर लागू दे मेलं, माझा फोटो मला परत लावून दे." मी फोटो लावून दिला आणि ॲपं बंद केली. पैसे घ्यायला माझा हातच धजेना, हसून हसून पोट दुखायला लागलं होतं.

पण हा लेख मी ज्यांच्यासाठी लिहायला घेतला त्या शोभाबाई. त्यांच्याही फोनचं दुखणं असंच आहे असं मला वाटलं होतं.

त्या लासूर स्टेशनच्या. तिथल्या बाजारात कांदा निवडायला जातात. मालक उत्तमराव त्याच बाजारात हमाली करायचे. दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिस. दवाखाना माझ्या दुकानापासून चालत जाण्यासारखा. उत्तमराव मशीनवर झोपले की शोभाबाईंना चार तास रिकामे असायचे, त्यातल्या एका दिवशी त्या दुकानात आल्या. भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघून "जयभीम, ताई" म्हणाल्या, आणि पदरात गुंडाळलेला फोन त्यांनी टेबलावर ठेवला.

"अपडेट मारल्यापसून चार्जिंग टिकंना. दुपार नाय व्हत तं फोन बंद. ताई, काय बी करा, पर हा फोन चालू ऱ्हायला पाह्यजे."

सगळेच असं म्हणतात. मी म्हटलं, "बघू या. एवढी काय घाई?"

मग त्यांनी सांगितलं. उत्तमरावांचं नाव किडनीसाठी शहरातल्याच दुसऱ्या, मोठ्या दवाखान्याच्या यादीत आहे. कुणी दगावलं आणि त्याच्या घरच्यांनी दान दिलं, तर दवाखान्यातून फोन येतो. कधी येईल त्याचा नेम नाही. आज येईल, वर्षानं येईल. आला की लगेच निघायचं, कारण किडनी थांबत नाही. नाव घालताना दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, फोन लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या माणसाला करावा लागतो.

"मंग पुढच्याचं नशीब," शोभाबाई म्हणाल्या. "आपुन बसायचं फोनाकडं बघत."

मी म्हटलं, "बाई, त्यापेक्षा साधा बटणाचा फोन घ्या. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको." दुकानदारणीनं हे वाक्य बोलू नये, पण बोलले. तर म्हणाल्या, दवाखान्यातले रिपोर्टचे फोटो याच नंबरवर मागतात, डॉक्टरांचा निरोपही यावरच येतो, आणि "दोन-दोन फोन सांभाळायला माझं ध्यान तरी ठिकानावर हाय का?"

फोन घेतला. बॅटरी थकलेली होतीच, पण खरा घोळ निराळा होता. अपडेटनं फोन आपला आपण नव्या नेटवर्कवर टाकला होता. त्यांच्या घराकडं त्याची रेंज लंगडी. मग फोन दिवसभर टॉवर शोधत फिरतो, सापडला की सुटतो, पुन्हा शोधतो. त्यात जीव जातो बॅटरीचा. मी तो साध्या फोरजीवर आणला, रिकामा असताना उजळत राहणारा पडदा बंद केला, मागं चालणारे व्हिडिओचे उद्योग थांबवले. नवी बॅटरी मागवून बसवायचं ठरलं. मग माझ्या सवयीप्रमाणं, काम झालं की मी गिऱ्हाईकाच्या नंबरवर एक रिंग देऊन बघते. दिली. तर "संपर्क क्षेत्राबाहेर".

मला वाटलं, मीच काही बिघडवलं. पडद्यावर वर पाहिलं तर कोपऱ्यात बारकंसं विमान.

"बाई, हे विमान काहून लावलंय?"

"ते व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "ते म्याच लावलंय. फोन दुपारलाच मरायला लागला तवा डायलिसिसच्या हालमधी एका भाऊनं सांगितलं, इमान लावलं की चार्जिंग लई टिकती. सकाळी कामाला जाताना लावती, सांजच्याला घरी आल्यावर काढती. दवाखान्याच्या फोनासाठी राखून ठिवती ना मी चार्जिंग."

एवढ्या अभिमानानं सांगत होत्या त्या. कांदा निवडणाऱ्या बाईनं एकेक कांदा वाचवावा तशी त्यांनी चार्जिंग वाचवली होती, त्या एका फोनसाठी, आणि तोच फोन येण्याचं दार दिवसभर लावून ठेवलं होतं. सांगायचं कसं? पण न सांगून भागणार नव्हतं.

"शोभाबाई, विमान लावलं ना, की चार्जिंग टिकतं. पण मग फोन कुणाचाच येत नाही."

"कुनाचाच म्हंजे?"

"कुणाचाच. दवाखान्याचासुद्धा नाही."

खुर्ची मागंच होती, पण त्या खालीच बसल्या, पायरीवर. एकदाच म्हणाल्या, "आगं माय."

मी विमान काढलं. फोनला रेंज आली आणि टिंग टिंग मेसेज पडायला लागले. आदल्या दिवसांचेही कितीतरी न उघडलेले होते. रिचार्जच्या जाहिराती समजून त्या ते उघडतच नसत. त्यातले काही खरंच जाहिराती होते. पण मधूनच कंपनीचे ते निरोप होते, अमक्या नंबरवरून तुम्हाला फोन आला होता म्हणून. एक नणंदेचा. एक बाजारातल्या मुकादमाचा. आणि एक शहरातल्या लँडलाइन फोनचा, तोच नंबर पुन्हा, आणि पुन्हा.

"दवाखान्याचा हाय," त्या म्हणाल्या. वाचून नाही, आकड्यांच्या शेवटावरून त्यांनी ओळखला. "ताई, ती आली व्हती. किडनी आली व्हती आन् म्या इमान लावून बसले व्हते."

मी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. डेअरीवाला दुधाची पिशवी द्यायला आला, त्याला मी अशी ओरडले की तो पिशवी घेऊन परत गेला. तिसऱ्यांदा लागला. मी आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढं धरला, कारण हातात धरण्याच्या अवस्थेत त्या नव्हत्या.

"अहो, आहात कुठं तुम्ही?" पलीकडच्या बाई वैतागल्या होत्या. "किती दिवस लावतेय. दिरांचा नंबर दिलाय तोही लागत नाही. पेशंटचं रक्त नव्यानं तपासायला द्यायचंय. ते नसेल तर नाव तात्पुरतं बाजूला ठेवावं लागतं, सांगितलं होतं ना?"

शोभाबाई फोनावर वाकल्या. "म्याडम, ती आली नव्हती ना? म्हंजे आमच्यासाठी?"

पलीकडचा आवाज एकदम निवला. "नाही हो. रक्तासाठीच फोन होता. उत्तमराव आज डायलिसिसला शहरात आलेत ना? मग आजच इकडं येऊन रक्त देऊन जा. नाव आहे तुमचं. पण फोन चालू ठेवा, मावशी."

फोन ठेवला आणि त्या रडल्या. मग रडता रडता हसायला लागल्या, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "इमान लावलं आन् बसले जमिनीवर!" मीही हसले आणि माझेही डोळे वाहिले. त्या हॉलमधल्या भाऊचा मला आधी राग आला, पण त्याचं काय चुकलं? त्याला चार्जिंग कसं वाचवायचं ते विचारलं, त्यानं ते सांगितलं. फोन कशासाठी जपायचाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

राहता राहिला दिरांचा नंबर. ते वाळूजला एका कारखान्यात. तिथं पाळीवर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो, हे मला स्वतःच्या अनुभवावरून पाठ आहे. म्हणजे पाळी सुटेपर्यंत तो नंबर असून नसल्यासारखा. मी बोलून गेले, "दवाखान्यात माझाही नंबर द्या. मला फोन आला तर मी कुठूनही तुम्हाला निरोप पोचवीन."

बोलून गेले खरी, आणि त्या दिवसापासून माझा फोन माझा राहिला नाही. तोवर मी वीस टक्क्यांवर घाबरणाऱ्या गिऱ्हाइकांची खुशाल टिंगल करायची. आता माझं चाळीसवर आलं की मी भिंतीला प्लग शोधायची. भाचीच्या लग्नात मी मांडवातली चांगली जागा सोडून कूलरच्या वायरीपाशी बसले. माझी मुलगी म्हणाली, "आई, किडनी तुला बसवायची आहे का?" तिला हसू येत होतं, मला येत नव्हतं. दुसऱ्याच्या फोनची दुरुस्ती करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या फोनची वाट बघणं वेगळं, हे मला त्या दिवसांत कळलं.

नवी बॅटरी बसवली आणि शोभाबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकायला लागला. डायलिसिसच्या दिवशी त्या येऊन पडदा माझ्यापुढं धरायच्या. "बघा, आजून निम्मी हाय!" माझ्या हातून झालेल्या कामाचं मला एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं. फोन मात्र आला नाही. उत्तमराव उतरत चालले होते. आधी ते स्वतः चालत दुकानापर्यंत यायचे, मग रिक्षा लागायला लागली, मग ते रिक्षातूनच हात करायचे.

एक दिवस सकाळी मी शटर वर करते तर दोघंही बाहेर उभे. डायलिसिसचा दिवस नव्हता. शोभाबाईंचे केस विस्कटलेले, उत्तमरावांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी काही विचारायच्या आधी शोभाबाई म्हणाल्या, "ताई, फोन आला काल. पैल्या रिंगला उचलला."

माझ्या काळजात लख्ख झालं. पण माणूस समोर उभा होता, दवाखान्यात झोपलेला नव्हता. तेव्हा कळलं.

मी दोघांना आत बसवलं, डेअरीवाल्याला चहासाठी दूध सांगितलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. एका किडनीसाठी दोघांना बोलावतात. रक्त जुळवून बघतात. पहिल्याला काही अडचण निघाली तर दुसऱ्याला मिळते. उत्तमराव दुसरे होते. पहिली एक कॉलेजातली मुलगी होती, आणि तिला काही अडचण निघाली नाही.

"शेजारी शेजारी बसलो व्हतो," उत्तमराव म्हणाले. ते एरवी फार बोलत नसत. "तिचं नाव पुकारलं. तिची माय माझ्यापशी आली, हात जोडून म्हन्ली, भाऊ, माफ करा. म्या म्हन्लं, बाई, माफी कशाची? लेकराला घेऊन जा पटकन. तर ती माझ्या पाया पडली." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मनात तं माझ्या बी आलं व्हतं ना ताई, की त्या पोरीचं जुळू नये. म्हनून लाज वाटली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. बिघडलेल्या वस्तूला कुठं हात घालायचा ते मला कळतं, पण त्या सकाळी माझ्या टेबलावरचं एकही हत्यार उपयोगाचं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

शोभाबाईंनी चहा घेतलाच नव्हता. त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. चार्जरची वायर निघाली. "ताई, आधी हा लावा. पाव्हण्या-रावळ्यायचे फोन येऊन येऊन धा टक्के राह्यलाय." मी प्लग दाखवला, त्यांनी स्वतःच फोन लावला आणि भिंतीपाशीच उभ्या राहिल्या. रेल्वेची वेळ झाली तरी हलेनात.

"आवं चल ना," उत्तमराव थकून म्हणाले. "काल तं आला व्हता. आज थोडाच येतोय दुसरा फोन."

त्यांनी फोनवरचा हात काढला नाही. "तुमाला काय म्हाईत?" म्हणाल्या.